एक खेळ, अनेक पेठा

ज्या वस्तूची दुसरी प्रत काढण्यास कवडीही खर्च येत नाही, तिचा भाव कशाच्या आधारावर ठरवावा, हा प्रश्न पुस्तकी अर्थशास्त्राला फारसा अवघड वाटत नसला, तरी त्या वस्तूवर ज्याचा चरितार्थ अवलंबून आहे त्याला तो वर्षानुवर्षे छळीत आलेला आहे. संगणकीय खेळ ही अशीच वस्तू होय. चार-पाच माणसांनी दोन-तीन वर्षे खपून एक खेळ सिद्ध केला, की पहिल्या प्रतीत त्यांचे सारे द्रव्य आणि उमेदीचा काळ गुंतलेला असतो. दुसरी प्रत मात्र क्षणार्धात आणि विनामूल्य निघते. मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून काम करणाऱ्या या स्वतंत्र खेळकर्त्यांनी आपल्या कृतीला काय मोल लावावे, निरनिराळ्या ऑनलाइन दुकानांत तिचा भाव एकच असावा की वेगवेगळा, आणि तो ठरविण्याचा अधिकार मुळात कोणाचा, या प्रश्नांभोवती गेल्या दोन दशकांत जे घडले त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे. अमेरिकेत सुरू झालेल्या या हकिकतीचे धागे पुण्या-मुंबईपर्यंत, आणि तेथून मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरील मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या मोबाईलपर्यंत येऊन पोहोचले आहेत.

ऑनलाइन दुकाने येण्यापूर्वी खेळ पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून विकला जाई. प्रकाशक, घाऊक वितरक आणि दुकानदार अशा तीन हातांतून तो ग्राहकाकडे जात असल्यामुळे प्रत्येकाची दस्तुरी वजा होऊन निर्मात्याच्या पदरी छापील किमतीचा अल्पसा अंश पडे. आणि दुकानाच्या फळीवर जागा मिळणेच मुळी प्रकाशकाच्या मर्जीवर अवलंबून असल्याने, एकट्यादुकट्या निर्मात्यावर भाव ठरविण्याचा प्रसंगच येत नसे. भारतात तर अस्सल खोक्याची किंमत मध्यमवर्गीयाच्याही आवाक्याबाहेर राहिल्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या पेठांतून निघणाऱ्या नकली सीडींनी खेळाचा भाव जवळजवळ कोऱ्या सीडीच्या भावावर आणून ठेवला होता. खेळ ही पैसे मोजून घ्यावयाची चीज नव्हे, हा समज याच काळात आपल्याकडे मुरला आणि त्याचे परिणाम पुढे फार दूरवर गेले.

अशा परिस्थितीत विशाल गोंडल यांनी १९९९ साली मुंबईत इंडियागेम्स ही कंपनी काढली आणि तिच्यासारख्या उद्योगांना वाट सापडली ती संगणकाच्या नव्हे, तर मोबाईल फोनच्या पडद्यावर. त्या वेळचे दुकान म्हणजे मोबाईल कंपनीचे पोर्टल. ग्राहकाने खेळ उतरवून घेतला की त्याच्या प्रीपेड शिलकेतून रक्कम परस्पर वळती होई, आणि तिचा निम्म्याहून अधिक हिस्सा मोबाईल कंपनी स्वतःकडे ठेवून घेई. नकली सीडीचा उपद्रव टळला, वसुली निर्वेध झाली. परंतु वसुलीची यंत्रणा ज्याच्या हाती त्याचाच भावावर अंमल चालतो, हा धडाही भारतीय खेळकर्त्यांना बराच लवकर मिळाला.

तिकडे अमेरिकेत, १२ सप्टेंबर २००३ रोजी, वॉशिंग्टन राज्यातील व्हॉल्व्ह या खेळनिर्मात्या कंपनीने स्टीम नावाची व्यवस्था सुरू केली. आपल्याच खेळांच्या दुरुस्त्या ग्राहकांच्या संगणकावर परस्पर पोहोचाव्यात, एवढाच तिचा आरंभीचा हेतू होता. परंतु २००५ साली मार्क हीली यांचा ‘रॅग डॉल कुंग फू’ हा बाहेरच्या निर्मात्याचा खेळ तेथे विक्रीस आला आणि दुरुस्तीच्या त्या यंत्रणेची पाहता पाहता पेठ झाली. पेठेची दस्तुरी शंभरात तीस. खोक्याच्या व्यापारात ज्याच्या हाती शंभरातले पंधरा-वीस पडत त्याला सत्तर मिळू लागल्यावर तिसांच्या कपातीविषयी तक्रार करण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. उलट ही कपात म्हणजे औदार्यच वाटले, आणि तोच आकडा पुढे जवळजवळ सर्व दुकानांचा रिवाज होऊन बसला.

२००८ साल या इतिहासात निर्णायक ठरले. १० जुलैला ॲपलने सुमारे ५०० ॲप घेऊन आपले ॲप स्टोअर उघडले. निर्मात्याने भाव स्वतः ठरवावा आणि विक्रीतील ७० टक्के रक्कम त्याला मिळावी, असा ॲपलचा करार होता. मात्र भाव लिहावयाचा तो ॲपलने आखून दिलेल्या कोष्टकातील एखाद्या घरातच, आणि त्या कोष्टकाची सर्वांत खालची सशुल्क पायरी होती ९९ सेंटची. हजारो खेळ एकाच यादीत वरच्या जागेसाठी धडपडू लागल्यावर जो तो त्या शेवटच्या पायरीवर उतरला आणि अल्पावधीतच ९९ सेंट हा मोबाईलवरील खेळाचा जणू स्वाभाविक भाव मानला जाऊ लागला. त्याच वर्षी ६ ऑगस्टला जोनाथन ब्लो यांचा ‘ब्रेड’ हा खेळ मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवरील दुकानात १,२०० पॉइंटांना, म्हणजे १५ डॉलरला, आला. तेथील ग्राहकांना ८०० पॉइंटांची, म्हणजे दहा डॉलरची सवय जडलेली होती. खेळाची सर्वत्र वाखाणणी झाली, आणि तरीही पाच डॉलर अधिक मागितल्याबद्दल कुरकुर झाल्यावाचून राहिली नाही. एकाच उन्हाळ्यात एका पेठेत एक डॉलर रास्त ठरला आणि दुसऱ्या पेठेत पंधरा डॉलर केवळ सह्य ठरले, तेव्हा भाव कृतीच्या गुणावर नव्हे तर पेठेच्या सवयीवर ठरतो, ही गोष्ट उघड झाली.

यानंतरचे दोन अध्याय सवलतीचे आहेत. फेब्रुवारी २००९ मध्ये व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी एका परिषदेत आपल्या दुकानातील सुटीच्या मोसमाचे आकडे मांडले: १० टक्के सवलतीने विक्रीच्या रकमेत ३५ टक्के वाढ, २५ टक्के सवलतीने २४५, ५० टक्क्यांनी ३२०, आणि ७५ टक्के सवलतीने १,४७० टक्के. ही वाढ प्रतींच्या संख्येतील नसून प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेतील होती. भाव पाडल्याने उत्पन्न घटते, या पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यापारी समजुतीला हे आकडे सर्वस्वी विपरीत होते. तेव्हापासून खेळाचा भाव हा एक आकडा न राहता त्याचे कालपत्रक बनले. पहिल्या आठवड्यात उत्सुकांनी पूर्ण भाव द्यावा, सहा महिन्यांनी सावधांनी तीनचतुर्थांश, आणि दोन-तीन वर्षांनी, उन्हाळी वा नाताळच्या मोसमात, उरलेल्यांनी पावभाग, अशी उतरंड रूढ झाली. ग्राहकही तितकाच शहाणा झाला. आवडलेला खेळ इच्छायादीत टाकून सवलतीची वाट पाहणे हा त्याचा नित्याचा परिपाठ झाला, आणि तो ध्यानी घेऊन खेळकर्ते मूळ भावच थोडा चढा लिहू लागले.

दुसरा प्रयोग याहून धाडसाचा होता. ‘वर्ल्ड ऑफ गू’ या वीस डॉलरच्या खेळाच्या प्रथम वर्धापनदिनानिमित्त, ऑक्टोबर २००९ मध्ये, त्याच्या दोघा निर्मात्यांनी आपल्या संकेतस्थळावर ‘मर्जीस येईल ते द्या’ अशी मुभा दिली. पहिल्या आठवड्यात सुमारे ५७ हजार लोकांनी खेळ घेतला आणि सरासरी देणे दोन डॉलरच्या किंचित वर राहिले. पुढच्या मे महिन्यात वुल्फायर या छोट्या कंपनीच्या रोझेन बंधूंनी या खेळासह पाच स्वतंत्र खेळांचा एक गठ्ठा याच तत्त्वावर विक्रीस काढला आणि त्याचे नाव ठेवले ‘हंबल इंडी बंडल’. दिलेल्या रकमेपैकी किती निर्मात्यांना आणि किती धर्मादाय संस्थांना जावी, हेही ग्राहकानेच ठरवावयाचे होते. सुमारे १ लाख ३८ हजार लोकांनी मिळून साडेबारा लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. दुकानदार मध्ये नसतानाही माणसे पैसे देतात, एवढेच नव्हे तर सरासरी नऊ डॉलर देतात, हे यातून सिद्ध झाले. हाच विचार लीफ कॉर्कोरन यांनी २०१३ साली सुरू केलेल्या इच या दुकानात आणि २०१५ मध्ये तेथे केलेल्या बदलात शेवटास गेला: दुकानाची दस्तुरी किती असावी हे विक्रेत्यानेच सांगावे, त्याने काही न सांगितल्यास ती दहा टक्के धरावी.

या साऱ्या घडामोडींत रुपया कोठे होता? तो बराच काळ दाराबाहेर उभा होता. स्टीमवर भारतीय ग्राहकाला नोव्हेंबर २०१५ पर्यंत डॉलरमध्येच खरेदी करावी लागे; त्यासाठी परदेशी व्यवहारास चालणारे कार्ड लागे, आणि ते जिल्ह्याच्या गावीही फार थोड्यांपाशी असे. नोव्हेंबर २०१५ मध्ये तेथे रुपयाचे चलन सुरू झाले. व्हॉल्व्हने खेळकर्त्यांपुढे प्रत्येक चलनातील सुचविलेल्या भावांचे एक कोष्टक ठेवले होते आणि त्यात रुपयाचा भाव डॉलरच्या सरळ रूपांतरापेक्षा बराच कमी धरलेला होता. त्याच वर्षी जुलैत गूगलने आपल्या प्ले स्टोअरवरील भारतासाठीचा किमान भाव ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणला. पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, एप्रिलात यूपीआय व्यवस्था आली आणि ५ सप्टेंबरला जिओचे स्वस्त इंटरनेट आले. एक-दोन वर्षांतच मोताळ्याच्या बसस्थानकावर उभा असलेला तरुण तोच खेळ त्याच क्षणी उतरवून घेऊ शकू लागला, जो लंडनचा तरुण उतरवीत होता. पण या नव्या ग्राहकाला दहा रुपयेही मोजण्याची सवय नव्हती. नकली सीडीने जो समज पेरला होता, त्यावर फुकट खेळांचे पीक आले. खेळ विनामूल्य, आणि आतल्या पोशाख-शस्त्रांना पैसे, ही पद्धत येथे इतकी रुजली की ‘मास्कगन’ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडस’ हे पुण्याच्या सुपरगेमिंगचे दोन्ही खेळ तिच्यावरच उभे राहिले. सरकारी महसुलाची बाबही याच सुमारास निश्चित झाली: परदेशी दुकानाने भारतीय ग्राहकाला विकलेल्या अशा मालावर डिसेंबर २०१६ पासून सेवाकर आणि १ जुलै २०१७ पासून १८ टक्के जीएसटी लागू झाला.

दुकानात प्रवेश करणेही दरम्यान सुलभ झाले होते. जून २०१७ पासून प्रत्येक खेळामागे १०० डॉलर भरले की स्टीमचा दरवाजा कोणालाही उघडू लागला आणि वर्षाकाठी येणाऱ्या नव्या खेळांची संख्या कित्येक हजारांवर गेली. गर्दी वाढली तशी दस्तुरीची चर्चाही वाढली. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर व्हॉल्व्हने एक कोटी डॉलरवरील विक्रीला २५ आणि पाच कोटींवरील विक्रीला २० टक्के दर जाहीर केला. तीस टक्क्यांचा भार कमी झाला तो ज्यांना तो सर्वांत कमी जाणवत होता त्यांचाच. लहानांच्या वाट्याला जुनाच दर राहिला. आठवड्याभरातच, ६ डिसेंबरला, एपिक कंपनीने अवघ्या १२ टक्के दस्तुरीवर आपले दुकान उघडले. आता एकाच खेळाला तीस, बारा आणि दहा टक्क्यांची अशी तीन दुकाने उपलब्ध होती. अर्थशास्त्राच्या नियमाप्रमाणे स्वस्त दस्तुरीच्या दुकानात खेळ स्वस्त मिळावयास हवा होता. तो सहसा मिळाला नाही, आणि का मिळाला नाही याचे उत्तर शोधण्यापूर्वी महाराष्ट्रातील एका खेळाचे उदाहरण पाहणे उचित होईल.

अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड या तिघांनी पुण्यात स्थापन केलेल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ हाती घेतला. हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली, दुर्गेची कृपा लाभलेली एक डोंबारी खेळातली मुलगी, राजस्थानी वास्तूंची आणि पहाडी चित्रशैलीची पार्श्वभूमी, असे त्याचे स्वरूप होते. लोकवर्गणीसाठी किकस्टार्टरवर केलेली मोहीम अपेशी ठरली. तरीही काम चालू राहिले, पुढे प्रकाशक मिळाला, आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ प्रथम निंटेंडोच्या स्विच या यंत्रावर प्रसिद्ध झाला. संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांवर तो १५ ऑक्टोबरला आला. मूळ भाव २४.९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे साडेअठराशे रुपये. यातील विलक्षण गोष्ट अशी, की निंटेंडोचे भारतासाठी त्या वेळी ऑनलाइन दुकानच नव्हते. पुण्यात घडलेला, देवी-देवतांच्या कथेवर उभारलेला खेळ पहिले आठ आठवडे अशा पेठेत विकला जात होता, जिथे भारतीय ग्राहकाला रुपये घेऊन पाऊलही टाकता येत नव्हते. यात खेळकर्त्यांचा दोष काढता येणार नाही. ज्याला वर्षानुवर्षांचा खर्च भरून काढावयाचा आहे त्याने डॉलर-येनच्या पेठेकडे आधी पाहावे, यात व्यवहारच होता. त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील उत्तम स्वतंत्र खेळाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. २०२१ मध्ये तो मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या मासिक वर्गणीच्या योजनेत आला आणि तेथे तर एकेका खेळाला भावच उरत नाही. वर्गणीदार दरमहा रक्कम भरतो, आणि खेळकर्त्याला काय मिळावे ते दुकानाशी झालेल्या खाजगी करारावर ठरते.

एकाच वस्तूचे हद्दीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे असे भाव ठेवले की काय होते, हे मोताळा-मलकापूरच्या शेतकऱ्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. १९७२-७३ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली तेव्हा राज्यातला कापूस सरकारी केंद्रावरच घालावा असा कायदा होता. पण उत्तरेला मध्य प्रदेशाची हद्द जवळ, आणि तिकडचा भाव चढला की गाड्या तिकडे वळत, इकडची हमी चढी असली की तिकडचा कापूस इकडे येई. स्टीमच्या पेठेत हेच घडले, फरक एवढाच की येथे गाडीऐवजी पत्ता हलत होता. तुर्कस्तान आणि अर्जेंटिना या देशांचे चलन कोसळत गेले, तेथील भाव डॉलरच्या मानाने क्षुल्लक ठरले, आणि श्रीमंत देशांतील ग्राहक खोट्या पत्त्याने तेथून खरेदी करू लागले. २०२१ मध्ये व्हॉल्व्हने तीन महिन्यांत एकदाच देश बदलण्याचे बंधन घातले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुचविलेल्या भावांचे कोष्टक बदलले, ज्यात या दोन देशांचे भाव कित्येक पट वाढले. आणि अखेर २० नोव्हेंबर २०२३ पासून दोन्ही देशांचे स्वतःचे चलनच काढून तेथे डॉलर आणला. फसवणूक थांबली, पण तिची किंमत मोजली ती तेथल्या प्रामाणिक ग्राहकाने.

आता स्वस्त दस्तुरीच्या दुकानातही खेळ स्वस्त का मिळत नाही, या प्रश्नाकडे. व्हॉल्व्ह खेळकर्त्यांना स्टीमवर चालणाऱ्या किल्ल्या, म्हणजे खेळ उघडण्याचे सांकेतिक शब्द, विनामूल्य देते. त्या अन्यत्र विकल्यास तिला त्यातून काही मिळत नाही, आणि म्हणून स्टीमच्या ग्राहकांना इतरांहून वाईट भाव देऊ नये, अशी तिची अट आहे. २७ एप्रिल २०२१ रोजी सिॲटलच्या संघीय न्यायालयात वुल्फायरने व्हॉल्व्हवर फिर्याद दाखल केली. हीच ती कंपनी, जिच्या अंगणात अकरा वर्षांपूर्वी हंबल बंडल जन्मले होते. ही अट प्रत्यक्षात किल्ल्यांपुरती मर्यादित राहत नाही, किल्लीविना दुसऱ्या दुकानात स्वस्त विकला तरीही खेळ स्टीमवरून काढण्याची धमकी दिली जाते, असा वादीचा आरोप आहे. व्हॉल्व्हला तो मान्य नाही. आरंभी फेटाळलेला हा दावा सुधारून पुन्हा दाखल झाला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्याला अनेक खेळकर्त्यांच्या सामूहिक दाव्याचा दर्जा दिला. भारतातही, मोबाईलच्या बाजूने, ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या देयक-सक्तीबद्दल गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला. वसुलीची यंत्रणा ज्याच्या हाती त्याचा अंमल, हे सूत्र अखेर न्यायासनासमोर तपासले जाऊ लागले.

या साऱ्याचा परिणाम एका साध्या हिशेबात पाहता येतो. समजा, एका स्वतंत्र खेळकर्त्याने आपल्या खेळाला भारतात ५९० रुपये भाव लावला. त्यातील ९० रुपये जीएसटीचे, उरले ५००. स्टीमच्या दराने १५० गेले आणि ३५० हाती आले. एपिकच्या २०१८ मधील १२ टक्के दराने ४४०, आणि इचवर रूढ दहा टक्के धरल्यास ४५०. निम्म्या सवलतीच्या मोसमात हेच आकडे आणखी निम्मे. प्रकाशक असल्यास त्याचा वाटा निराळा. फलकावरील भाव मात्र सर्वत्र ५९०. दुसरीकडे स्वस्त लावावा तर सर्वांत मोठ्या पेठेचा रोष ओढवण्याची धास्ती, आणि तिथेच तर बहुतेक ग्राहक. म्हणून खेळकर्ते मूळ भाव सगळीकडे एकच ठेवतात, आणि लहान दुकानाची कमी दस्तुरी ग्राहकाला स्वस्ताईच्या रूपाने कधी दिसतच नाही. ती दिसत नाही म्हणून तो मोठ्याच दुकानात जातो, आणि तो तेथे जातो म्हणून खेळकर्त्याला भाव एकच ठेवावा लागतो.

खेळकर्त्यांना गेल्या दोन दशकांत पुष्कळ लाभले, हे नाकारता येणार नाही. पुण्यातील एका छोट्या संस्थेची कृती जगाच्या चार मोठ्या पेठांत पोहोचावी, ही २००३ पूर्वी कल्पनेतही न बसणारी गोष्ट होती. परंतु भाव लिहिण्याचा अधिकार मिळणे आणि भावावर सत्ता मिळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हाही याच इतिहासाचा निष्कर्ष आहे; कोष्टक, चलन, सवलतीचा मोसम आणि बरोबरीची अट या चारही गोष्टी दुकानांनी आखल्या, आणि त्या चौकटीत आकडा भरण्याचे काम तेवढे निर्मात्याकडे राहिले. न्यायालयांचे निकाल ही चौकट उद्या सैल करोत वा न करोत, आज फलकावरचा भाव सर्वत्र सारखा असल्यामुळे ५९० पैकी ३५० द्यावयाचे की ४५०, हा निर्णय खेळकर्त्याच्या हातून निसटून, तोच खेळ कोणत्या दुकानातून घ्यावा याचा विचार करणाऱ्या ग्राहकाच्या हाती आलेला आहे, आणि बहुतेक ग्राहकांना तो आपल्या हाती आहे याची जाणीवच नाही.